नाव घातलेली भांडी

यादी करायला बसल्यावर सगुणाला आधी राग आला तो स्वतःचाच. समोर सुमेधाबाई मांडीवर पाटी, पाटीवर कागद आणि हातात टाक घेऊन तयार. "हं, सांगा. तुमचं असं काय काय आहे तिथे?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सगुणाला एकही वस्तू आठवेना. अकरा वर्षं ज्या घरात ती सगळ्यांच्या आधी उठली आणि सगळ्यांच्या मागून निजली, तिथलं आपलं काय, असं कधी कोणी विचारेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. खुंटीजवळचा खिळा तिने स्वतः वरवंट्याने ठोकला होता. तो तिचा का? मोरीमागचं अळू तिने लावलेलं, पण त्याची पानं साऱ्या चाळीने खाल्ली. लोखंडी खाट दौलतची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. पण दौलत विषमज्वराने जाऊन तीन वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसाची खाट त्याच्या बायकोची की त्याच्या भावाची, हे ठरवायला कोण बसलंय? काय बाई आहे मी, तिला वाटलं. एवढी वर्षं मरमर मेले आणि सांगायला चार वस्तू नाहीत. "भांडी लिहा," ती शेवटी म्हणाली. "आईने लग्नात दिलेली. हंडा एक, कळशी एक, परात, तांब्या-भांडं, कडीचे डबे दोन. त्यांच्यावर नाव घातलंय." नाव घातलंय म्हणताना तिच्या आवाजाला जरा जोर आला. "आणि मशीन?" सुमेधाबाईंनी विचारलं. "मशीन सगळ्यात वर लिहा," ती म्हणाली, आणि डाव्या कानातली भुणभुण परत सुरू झाली.

भुणभुण मंगळवारपासूनची. सुमेधाबाई कल्याणला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होत्या, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांच्यासाठी सगुणा शहाडला घरी बसून झबली शिवायची. पंधरा दिवसांपूर्वी त्याच म्हणाल्या होत्या, "येता का इथेच? चादरी, झबली, दुपटी, काम पुरून उरेल. मागची खोली तुमची. फक्त मशीन घेऊन या." या एवढ्याशा बोलण्यावरून पुढचं सगळं महाभारत झालं. मंगळवारी दुपारी सगुणा शहाडहून कल्याणपर्यंत उन्हात चालत त्यांच्या दारात आली, डावा हात उजव्या हातात धरून. बाईंनी हात चाचपला, फळी लावून बांधला आणि म्हणाल्या, "मोडला नाही, नशीब." नशीब कसलं डोंबलाचं, असं सगुणाच्या मनात आलं होतं. आज पाचवा दिवस. बाई एका शब्दाने काही म्हणत नव्हत्या, दोन्ही वेळा पान वाढत होत्या, आणि तेच सगुणाला टोचत होतं. मशीन असेल तर ती इथे कामाला आलेली बाई, मशीन नसेल तर पदरात पडलेली. एवढा साधा हिशेब होता आणि तो गोपीनाथलाही कळत होता. ती जिना उतरत होती तेव्हा गॅलरीतून साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं तो ओरडला होता, "जाशील कुठं? मशीन इथं आहे. आठ दिवसांत पाय धरत येशील."

गोपीनाथ तिचा मोठा दीर. कारखान्यात टाइमकीपर. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिता लिहिता घरातल्या बायकांच्या वेळाही आपणच लिहायच्या, असं त्याला वाटायला लागलं होतं. त्या सकाळी तो जेवत होता, सगुणा वाढत होती, आणि मोठी जाऊ शेवंती चुलीपाशी ताक घुसळत होती. सगुणाने भाताची मूद घातली आणि त्याच ओघात सांगून टाकलं, "पुढल्या सोमवारपासून मी कल्याणला जाते. सुमेधाबाईंकडे. तिथंच राहीन म्हणते." गोपीनाथने मान वर केली नाही. "कुणाला विचारून?" "सांगतेय ना आता," ती म्हणाली. एवढंच. ती या तीन शब्दांवर नंतर पाच दिवस विचार करत होती. त्यात उद्धटपणा शोधत होती, सापडत नव्हता. तो उठला. आमटीभाताने बरबटलेला हात तसाच, चुलीजवळची लोखंडी फुंकणी त्या उष्ट्या हाताने उचलली आणि पहिला तडाखा कानावर, मग हात आडवा केला तर हातावर, मग पाठीत. मार तिला पूर्वी कधी बसला नव्हता असं नाही. लहानपणी आईनेही चिमटे काढले होते. पण लुगड्याच्या पदराला आमटी लागली होती, दंडाला भाताची शितं चिकटली होती, आणि रस्त्याने चालताना ती एकेक शीत नखाने काढत होती. हात धुण्याइतकीही त्याला सवड मिळाली नाही. ढोराला मारायच्या आधीसुद्धा माणूस ताटावरून उठून आचवतो. आणि याहून वाईट ते पुढचं. फुंकणी टाकून तो परत पाटावर बसला आणि म्हणाला, "ताक." आणि शेवंतीने ताक वाढलं. सगुणा मोरीच्या कठड्याला धरून उभी होती, कानात नुसता घंटानाद, आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की शेवंतीने पळी भरून ताक वाढलं, वर मीठ घातलं. गोपीनाथचा राग कसा सरळ होता, पेटलेला, त्याला बूड-शेंडा होता. शेवंतीचा राग तसा नव्हता. तो रात्री कूस बदलली की दुखऱ्या हाताबरोबर उठायचा. अकरा वर्षं एका चुलीवर दोघींनी धूर खाल्ला. हिची शीला जन्मली तेव्हा सव्वा महिना सगुणाने सगळं घर ओढलं. आणि ही मीठ घालते.

चौकीतल्या फौजदारांनी तक्रार लिहून घेतली होती, आणि रविवारी दुपारी एक हवालदार सोबत द्यायचं कबूल केलं होतं. "यादीतलं तेवढंच उचलायचं, बाई. यादीबाहेरचा चमचासुद्धा नाही. आणि सगळं मिळालं की तशी पोच सही करून द्यायची. मग आमचं काम संपलं." हवालदार काळुराम तिकडच्याच गावचा, पन्नाशीचा, जाडा, बोलायला गोड. टांग्यात तो पुढे बसला आणि वाटभर सगुणाला समजावत राहिला. "बाय, मी सांगतो ता ऐक. तिथं जाऊन भांडान काढू नको. तो बोलंल, तू बोलू नको. सामान उचलाचा नि निघाचा." सगुणा हो म्हणाली. तिने मनाशी ठरवलंच होतं, वर मान करून बघायचंसुद्धा नाही. पण चाळ दिसायला लागली, दोरीवर वाळत घातलेला गोपीनाथचा खाकी सदरा दिसला, आणि तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. तिला स्वतःची चीड आली. घाबरायचं काम त्याचं. पोलीस तर मी घेऊन आलेय, आणि घाबरतेय मी का? खालच्या बिऱ्हाडातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मंगळवारी याच बायकांची दारं कशी धडाधड लागली होती, ते तिला आठवलं. आज बघायला पोलीस आहे म्हटल्यावर सगळी उघडी.

गोपीनाथने दार अडवलं नाही. उलट "या, हवालदारसाहेब, बसा," म्हणून खुर्ची पुढे केली, पानाचा डबा सरकवला. घरचं लग्न असल्यासारखा हसत होता. सगुणाकडे त्याने पाहिलंही नाही. चुलीपाशी शेवंती, डोक्यावर पदर, हात पोटाशी धरून उभी. तिच्याशेजारी आठ वर्षांची शीला, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात कॅनव्हासचे बूट. ही मंडळी कुठे हळदीकुंकवाला निघाली असतील, सगुणाच्या मनात आलं, आणि त्यावरूनही तिला राग आला. इथे माझा संसार उचलला जातोय आणि यांना नटायला सुचतंय. शीला "काकू" म्हणून एक पाऊल पुढे आली, तशी शेवंतीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. काळुरामने यादी उलगडली. गोपीनाथने ती त्याच्या हातून घेतली, चष्मा लावून सबंध वाचली आणि शांतपणे म्हणाला, "माझी काही हरकत नाही. जे तिचं ते तिने न्यावं. पण तिचं कशावरून? घर एक, चूल एक. उद्या म्हणेल छप्परही माझं. तेव्हा हवालदारसाहेब, ज्याच्यावर तिचं नाव असेल ते तिने उचलावं. नाव नसेल ते घरातलं. यात काही गैर आहे का?" काळुरामला त्यात गैर दिसलं नाही. "ता बरोबर हाय," तो म्हणाला. सगुणाला हायसं वाटलं. भांड्यांवर नाव होतंच की.

तिने फळीवरून हंडा उतरवला, खिडकीशी नेला. काळुराम खाली वाकून, बोट फिरवत, कासाराने टोचे मारून काढलेली टिंबाटिंबांची अक्षरं जुळवत बसला. "चि. सौ. कां. शालू हीस... आईकडून." त्याने वर पाहिलं. "शालू?" गोपीनाथने खांदे उडवले. "शालू नावाचं या घरात कोणी नाही. हिचं नाव सगुणा. रेशनकार्ड दाखवू?"

तेव्हा तिला कळलं की त्याने हे आधीच बघून ठेवलं होतं. एकेक भांडं खाली घेऊन, उजेडात धरून, बसून वाचलं होतं. चव्वेचाळीस साली, रेशनच्या दिवसांत, आईने पै पै करून जमवलेली भांडी घेऊन ती शालू म्हणून या घराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. उंबऱ्याच्या आत ताटात तांदूळ पसरलेले होते. दौलतने अंगठीने त्यात सगुणा असं लिहिलं, कारण भावाने तसं सांगितलं होतं. सगुणा म्हणजे गोपीनाथच्या वारलेल्या आईचं नाव. तिला तेव्हा त्याचा केवढा मान वाटला होता. सासूचं नाव मिळालं म्हणून आईने देवाला नारळ फोडला होता. आणि आता हाच माणूस, आईचं नाव दिलेल्या बाईला उष्ट्या हाताने झोडपून, वर म्हणतो शालू कोण? मी कोण मग? एक नाव आईने दिलं ते तुम्ही पुसलं, दुसरं तुम्ही दिलं त्याच्यावर काही मिळत नाही. ती बोलणार नव्हती, काळुरामला तसा शब्द दिला होता, पण तोंडातून निघून गेलं, "भाऊजी, तांदळात नाव लिहिताना ताट कुणी धरलं होतं? तुम्हीच ना? मग शालूचं काय झालं ते तुम्हालाच ठाऊक असायला पाहिजे." गॅलरीतली एक बाई फिसकन हसली. गोपीनाथचं हसू गेलं. "बघा," तो काळुरामला म्हणाला, "ही अशी जीभ आहे." काळुरामने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्याही बायकोचं लग्नाआधी दुसरं काही नाव असणारच. "नाव बदलताव आपुन, ता खरा हाय," तो पुटपुटला आणि हंडा दाराबाहेर ठेवला. कळशी गेली, परात गेली, तांब्या-भांडं गेलं. गोपीनाथने त्यांना हरकत घेतली नाही. तो मशीनची वाट बघत होता.

मशीन खिडकीखाली होतं, त्यावर तिनेच शिवलेलं झाकण. सगुणाने ते काढलं. "याच्यावर?" गोपीनाथने विचारलं. याच्यावर कंपनीचं सोनेरी नाव होतं, हाताने घासून अर्धं गेलेलं. शालू नाही, सगुणा नाही. हे लग्नानंतर वर्षाने आईने आपल्या पाटल्या मोडून घेतलेलं मशीन, आणि लोखंडावर कासार नाव घालत नाही. "हे दौलतने आणलं होतं," गोपीनाथ म्हणाला. "माझ्या भावाचं. ते इथंच राहणार." इतकं सरळ खोटं, त्या खिडकीच्या उजेडात. सगुणाला वाटलं आपण आता किंचाळणार, किंवा ते मशीन उचलून त्याच्या पायावर टाकणार. दुखरा हात तिने मशीनच्या चाकावर ठेवला आणि तो काढेचना. "कुनी साक्षीला हाय?" काळुरामने विचारलं. त्याने सहज गॅलरीकडे पाहिलं तशी तिथली डोकी एकेक करून मागे सरकली. आई वारली होती, दौलत वारला होता. संपलं, तिच्या मनात आलं. आता पाय धरायचे.

"मशीन तिच्या आईने दिलं," असं कोणीतरी म्हणालं.

शेवंतीचा आवाज इतका हळू होता की गोपीनाथने आधी शीलाकडे पाहिलं. "आई टांग्यातून घेऊन आली होती. मी उतरवून घेतलं. दौलतभाऊजी त्या दिवशी घरीसुद्धा नव्हते." ती जमिनीकडे बघूनच बोलत होती, पण बोलली सगळं, तिथीवारासकट. "शेवंती," गोपीनाथ म्हणाला. फक्त नाव घेतलं, खालच्या पट्टीत. ती थांबली नाही. "देवाशपथ सांगते, हवालदार." काळुरामला तेवढं पुरलं. त्याने मशीन स्वतः उचललं, आणि ते दाराबाहेर जाताना सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळालं. बाकी सगळं गेलं चुलीत. "आता डबे," काळुराम आत येऊन यादी बघत म्हणाला. "कडीचे डबे दोन." एक फळीवर होता. दुसरा कुठे दिसेना, आणि सगुणाला आठवलं, दुसरा गळत होता म्हणून मोडीत दिला त्याला दोन वर्षं झाली. ती तसं सांगणार तोच शेवंती माजघरातून डबा घेऊन आली. पितळेचा, मोठा, कडी लावलेला. सगुणाने हा डबा कधीच पाहिला नव्हता. काळुरामने तो फिरवला, बोट धरून वाचलं, "चि. सौ. कां. आवडा हीस... मामांकडून. आता ही आवडा कोन?" गोपीनाथचं लक्ष नव्हतं. तो शेवंतीकडे बघत होता. "आवडा? आमच्यात कोणी आवडा नाही," तो म्हणाला. "त्यांच्याकडली असेल कोणी. न्या तोही. एकदाचं घर साफ होऊ दे." शेवंतीने डबा सगुणाच्या हातात दिला. देताना तिची बोटं सगुणाच्या बोटांवर जोरात दाबली गेली, दुखलं. काय ही भीक, सगुणाला वाटलं. ताकाची भरपाई करतेय. नको म्हणायला तिने तोंड उघडलं, पण काळुराम "चला, चला" करत होता, आणि मशीन टांग्यात एकटं होतं. ती जिना उतरली. शीला दारातून बघत होती. दार लागल्याचा आवाज झाला, तेव्हा ती शेवटच्या पायरीवर होती.

टांगा फाटकापाशी थांबला. मालगाडी यायची होती, फाटक बंद होतं. काळुरामने कागद मांडीवर सपाट केला आणि शाईची पेन्सिल जिभेला लावून पुढे केली. "तोवर सही करून टाक, बाय. यादीप्रमाणे सर्व सामान मिळाले. बेस झाला ना? कुनाला हात लावावा लागला नाय." सगुणा मशीनला चिकटून बसली होती. मांडीवर तो डबा. टांगा थांबल्यावर आता कुठे तिला वाटलं, हा डबा वाजत कसा नाही? भांडं टांग्यात एवढं हिंदकळलं तर रिकामं असेल तरी वाजतं, भरलेलं असेल तरी वाजतं. तिने कडी काढली. आत वर शीलाचे दोन फ्रॉक होते, घडी करून. त्याखाली इयत्ता दुसरीचं पुस्तक. फणी. शेवंतीचं एक जुनं लुगडं, दोन चोळ्या. बाकी काही नाही. तिने सगळं परत उलटसुलट केलं. मग झाकण उजेडात धरून तिने ते नाव स्वतः वाचलं. आवडा. अकरा वर्षं जिच्या शेजारी पान मांडून जेवले, तिला माहेरी काय नाव होतं हे मी एकदाही विचारलं नाही. मी नाही विचारलं ते नाहीच, पण त्याने वीस वर्षांपूर्वी ते स्वतः पुसलं आणि त्याला आज ते ओळखूसुद्धा आलं नाही. लाल रिबिनी. कॅनव्हासचे बूट. रविवार असून घट्ट घातलेल्या वेण्या. त्या दोघी कुठे हळदीकुंकवाला निघाल्या नव्हत्या. तयार होऊन उभ्या होत्या. मी म्हणेन म्हणून उभ्या होत्या, चल म्हणेन म्हणून. आणि मी हंडे मोजत बसले. तिने त्याच्या तोंडावर, पोलिसासमोर, देवाशपथ सांगितलं, आणि मी मशीन घेऊन निघून आले. दार लागलं ते मी ऐकलं. कानात भुणभुण नव्हती, काही नव्हतं, दार लागलेलं स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि तरी मी टांग्यात चढले.

"सही कर ना, बाय," काळुराम म्हणाला.

"सगळं मिळालं नाही."

"आता काय राह्यला?"

"दोन माणसं राहिली."

काळुरामने यादी पाहिली, मग उघडा डबा पाहिला. "ती यादीत नाय," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

"यादी माझी चुकली," सगुणा म्हणाली. "टांगा फिरवा." टांगेवाल्याने मागे पाहिलं. मागे एक बैलगाडी, तिच्या मागे सायकली, फिरवायला जागा नव्हती, आणि मालगाडी अजून दिसतही नव्हती. काळुराम खाली उतरून बैलगाडीवाल्याशी हुज्जत घालायला लागला, हात हलवून, वर्दीचा आवाज काढून. तिला तेवढाही धीर निघेना. तिने मांडीवरचा डबा मशीनशेजारी ठेवला, चांगला हात टेकून खाली उडी मारली, आणि मशीनकडे एकदाही वळून न बघता शहाडच्या रस्त्याने भराभर चालायला लागली.